दिव्यांगांचे कायदेशीर हक्क, शासकीय साहाय्य आणि नोंदीचा प्रश्न : सातारा व सांगली जिल्ह्यांच्या विशेष संदर्भात

गोषवारा

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मुळे भारतातील दिव्यांग व्यक्ती ही दयेचा विषय न राहता हक्कधारक नागरिक ठरली. शिक्षण, नोकरी, सामाजिक सुरक्षा, सुगम्यता आणि आपत्तीतील संरक्षण असे अनेक हक्क या अधिनियमाने मान्य केले. तथापि हे हक्क प्रत्यक्ष व्यक्तीपर्यंत पोहोचण्यासाठी तिची शासनदप्तरी नोंद होणे आवश्यक असते. प्रस्तुत लेखात वैद्यकीय प्रमाणपत्र, ग्रामपंचायतीची यादी आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाची यादी या तीन नोंदींच्या आधारे सातारा व सांगली जिल्ह्यांतील परिस्थितीचा विचार केला आहे. हक्काची खरी सुरुवात नोंदीपासून होते आणि नोंद करण्याची जबाबदारी दिव्यांग व्यक्तीपेक्षा शासनयंत्रणेवर अधिक असावयास हवी, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : दिव्यांगत्व, लक्षणीय दिव्यांगत्व, वैश्विक ओळखपत्र, सामाजिक सुरक्षा, पाच टक्के निधी, आपत्ती व्यवस्थापन.

प्रस्तावना

कल्याणकारी राज्याची कसोटी त्या राज्यातील सर्वांत दुर्बल घटकाला मिळणाऱ्या वागणुकीवरून ठरते. भारतीय समाजात दिव्यांग व्यक्तीकडे दीर्घकाळ पूर्वकर्माचे फळ, कुटुंबावरील ओझे किंवा दानधर्माचे निमित्त या दृष्टीने पाहिले गेले. स्वातंत्र्योत्तर काळात हा दृष्टिकोन हळूहळू बदलला. आज कायद्याच्या भाषेत दिव्यांग व्यक्ती ही हक्क मागणारी नागरिक आहे.

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांचा एकत्रित विचार करण्यास ऐतिहासिक आधार आहे. जुन्या सातारा जिल्ह्याचे १९४९ मध्ये विभाजन होऊन दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. कृष्णाकाठची सुपीक ऊसशेती, सह्याद्रीच्या कुशीतील पाटण, जावळी, महाबळेश्वर व शिराळा हे डोंगराळ तालुके आणि माण, खटाव, आटपाडी, जत हा दुष्काळी पट्टा ही दोन्ही जिल्ह्यांची समान भौगोलिक रचना आहे. २०११ च्या जनगणनेनुसार सातारा जिल्ह्याची लोकसंख्या ३०,०३,७४१ आणि सांगली जिल्ह्याची २८,२२,१४३ होती.

दिव्यांगांच्या कर्तृत्वाची दोन ठळक उदाहरणे याच भूमीने दिली आहेत. पेठ-इस्लामपूर परिसरात १९४४ मध्ये जन्मलेले मुरलीकांत पेटकर हे सैनिक १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. पुढे १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिक स्पर्धेत ५० मीटर मुक्तशैली जलतरणात त्यांनी सुवर्णपदक मिळविले. पॅरालिम्पिकमधील भारताचे ते पहिले वैयक्तिक सुवर्णपदक होय. त्यांना पद्मश्री मिळाली ती २०१८ मध्ये, म्हणजे ४६ वर्षांनी. दुसरे उदाहरण आटपाडी तालुक्यातील करगणी येथील सचिन खिलारी यांचे. शालेय वयातील अपघातात त्यांच्या एका हाताला कायमचे अपंगत्व आले. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी गोळाफेकीत १६.३२ मीटर अंतर गाठून रौप्यपदक मिळविले आणि लगोलग त्यांना अर्जुन पुरस्कारही जाहीर झाला. पेटकर यांच्या काळात दिव्यांगांसाठी स्वतंत्र हक्कांचा कायदाच नव्हता. खिलारी यांच्या काळात तो आहे. या अर्धशतकात राज्यसंस्थेचा दृष्टिकोन निश्चितच बदलला. परंतु पदक न मिळविणाऱ्या, वाडीवस्तीवर राहणाऱ्या सामान्य दिव्यांग व्यक्तीच्या वाट्याला या बदलातून नेमके काय आले, हा खरा प्रश्न आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. दिव्यांगांच्या हक्कांचा घटनात्मक व कायदेशीर आधार स्पष्ट करणे.
२. केंद्र व राज्य शासनाच्या प्रमुख साहाय्यांचा परिचय करून देणे.
३. हे हक्क प्रत्यक्षात मिळण्यातील नोंदीचे महत्त्व सातारा व सांगली जिल्ह्यांच्या संदर्भात तपासणे.
४. स्थानिक पातळीवर शक्य असणाऱ्या उपाययोजना सुचविणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. अधिनियम, नियम, शासकीय योजना, जनगणनेची आकडेवारी आणि न्यायालयीन निवाडे या दुय्यम साधनांचा आधार घेतला असून अध्यापन करताना आलेल्या अनुभवाची जोड दिली आहे.

संज्ञा आणि संकल्पना

मराठीत प्रारंभी 'अपंग', नंतर 'विकलांग' आणि आता 'दिव्यांग' ही संज्ञा रूढ झाली आहे. पंतप्रधानांनी डिसेंबर २०१५ मधील आकाशवाणीवरील भाषणात 'दिव्यांग' शब्द सुचविला आणि पुढे तो शासनव्यवहारात आला. या शब्दाबद्दल दिव्यांगांच्या चळवळीत मतभेद आहेत. 'दिव्य' म्हणून गौरव करण्यापेक्षा रस्त्यावर उतार आणि इमारतीत उद्वाहन द्यावे, असे अनेकांचे म्हणणे आहे व ते दुर्लक्ष करण्याजोगे नाही. प्रस्तुत लेखात शासकीय संज्ञा म्हणून 'दिव्यांग' हाच शब्द वापरला आहे.

संकल्पनेच्या पातळीवरील बदल अधिक महत्त्वाचा आहे. जुन्या वैद्यकीय दृष्टिकोनानुसार दोष व्यक्तीच्या शरीरात असतो. संयुक्त राष्ट्रसंघाच्या २००६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क करारनाम्याने मात्र व्यक्तीची कमतरता आणि समाजाने उभे केलेले अडथळे यांच्या परस्परसंबंधातून दिव्यांगत्व निर्माण होते, असे मानले. चाकाच्या खुर्चीवरील व्यक्ती तहसील कार्यालयाच्या पहिल्या मजल्यावर जाऊ शकत नाही, याचे कारण तिचे पाय की कार्यालयाचा जिना, असा हा प्रश्न आहे. भारताने या करारनाम्यास १ ऑक्टोबर २००७ रोजी अनुसमर्थन दिले आणि त्यानंतर देशातील कायदा बदलणे अपरिहार्य ठरले.

घटनात्मक आधार

भारतीय संविधानातील कलम १४ चा समानतेचा आणि कलम २१ चा जीविताचा हक्क दिव्यांगांनाही लागू आहे. कलम ४१ नुसार बेकारी, वार्धक्य, आजार व विकलांगता या प्रसंगी सार्वजनिक साहाय्य मिळण्यासाठी राज्याने आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत तरतूद करावयाची आहे. सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत विकलांगांना साहाय्य हा विषय नवव्या क्रमांकावर आहे.

सहसा दुर्लक्षित राहणारी तरतूद अकराव्या अनुसूचीतील आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायत राज संस्थांकडे सोपवावयाच्या २९ विषयांत २६ वा विषय समाजकल्याणाचा असून त्यात विकलांगांच्या कल्याणाचा स्पष्ट उल्लेख आहे. दिव्यांगांविषयीची जबाबदारी दिल्ली किंवा मुंबईपुरती मर्यादित नसून ती ग्रामपंचायतीच्या दारापर्यंत येते, हे यावरून स्पष्ट होते.

कायद्यांचा विकास

भारतीय पुनर्वसन परिषद अधिनियम १९९२, समान संधी, हक्क संरक्षण व संपूर्ण सहभाग यांसंबंधीचा अपंग व्यक्ती अधिनियम १९९५ आणि राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९ हे या विकासाचे महत्त्वाचे टप्पे होत. १९९५ च्या अधिनियमात सात प्रकारच्या अपंगत्वांचा समावेश होता आणि शासकीय नोकरीत ३ टक्के आरक्षण होते. राष्ट्रीय न्यास अधिनियमाने स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व व बहुविकलांगता असणाऱ्या व्यक्तींसाठी पालक नेमण्याची व्यवस्था केली. त्यासाठीच्या स्थानिक समितीत जिल्हाधिकाऱ्यांचा समावेश असतो. 'आमच्या पश्चात या मुलाचे काय?' या पालकांच्या चिंतेला या अधिनियमाने प्रथमच कायदेशीर उत्तर दिले.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. एकूण १०२ कलमांच्या या अधिनियमातील प्रमुख तरतुदी पुढीलप्रमाणे आहेत.

१. दिव्यांगत्वाचे प्रकार सातवरून २१ झाले. स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, स्नायुक्षय, पार्किन्सन, आम्लहल्ल्यातील पीडित, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल आदींचा त्यात समावेश झाला.
२. किमान ४० टक्के प्रमाणित दिव्यांगत्व असणाऱ्या व्यक्तीस 'लक्षणीय दिव्यांगत्व' असल्याचे मानले जाते. अशा ६ ते १८ वर्षे वयाच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क आहे.
३. शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा आणि शासकीय नोकरीत किमान ४ टक्के पदे राखीव आहेत.
४. दारिद्र्यनिर्मूलन व विकास योजनांत, तसेच शेतजमीन व घरकुल वाटपात ५ टक्के आरक्षण असून दिव्यांग स्त्रियांना प्राधान्य आहे.
५. कलम २४ नुसार सामाजिक सुरक्षा योजनांत दिव्यांगांना मिळणारी रक्कम इतरांच्या तुलनेत किमान २५ टक्के अधिक असावी.
६. सार्वजनिक ठिकाणी हेतुपुरस्सर अपमान करणे, मारहाण, लैंगिक शोषण यांसाठी कलम ९२ अन्वये सहा महिने ते पाच वर्षे कारावास व दंडाची शिक्षा आहे. अशा खटल्यांसाठी जिल्ह्यातील सत्र न्यायालय विशेष न्यायालय म्हणून निर्देशित करावयाचे असते.
७. दिव्यांगांसाठीचे लाभ लबाडीने घेणाऱ्यास कलम ९१ अन्वये दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

शासकीय साहाय्याचे स्वरूप

महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून सुरू आहे. तिच्यात निराधार, विधवा, दुर्धर आजारी यांच्यासमवेत दिव्यांगांचाही समावेश होतो आणि अर्ज तहसील कार्यालयात करावयाचा असतो. दिव्यांग अर्जदारांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे. २०२३ मध्ये या योजनेतील मासिक साहाय्य १५०० रुपये झाले. परंतु दिव्यांग आणि इतर लाभार्थी यांच्या रकमेत फरक नव्हता. राज्यभर झालेल्या आंदोलनांनंतर २०२५ मध्ये दिव्यांगांसाठी ही रक्कम २५०० रुपये करण्यात आली. कलम २४ मधील 'किमान २५ टक्के अधिक' ही अपेक्षा २०१७ पासून अस्तित्वात होती, हे लक्षात घेतले म्हणजे कायद्यातील वाक्य आणि लाभार्थ्याच्या खात्यातील रक्कम यांतील अंतर किती वर्षांचे असू शकते, याची कल्पना येते. केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेत दारिद्र्यरेषेखालील व ८० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असणाऱ्या व्यक्तीसाठी केंद्राचा वाटा दरमहा केवळ ३०० रुपयांचा ठेवलेला आहे.

याशिवाय केंद्राच्या साहाय्यक उपकरणे योजनेतून तीनचाकी सायकल, कुबड्या, श्रवणयंत्र इत्यादी साधने दिली जातात. शिष्यवृत्ती, राज्य दिव्यांग वित्त व विकास महामंडळाचे कर्ज, राष्ट्रीय न्यासाची एक लाख रुपयांपर्यंतची निरामय आरोग्य विमा योजना, एस. टी. व रेल्वे प्रवासातील सवलत ही साहाय्याची अन्य रूपे होत. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र शासनाने दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग निर्माण केला.

ऊसपट्ट्यातील शेतकरी कुटुंबांच्या दृष्टीने आणखी एका योजनेचा उल्लेख आवश्यक आहे. मळणीयंत्र, कडबाकुट्टी, विजेचा पंप, ट्रॅक्टर यांच्या अपघातात हात किंवा पाय गमावण्याच्या घटना ग्रामीण भागाला नवीन नाहीत. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यू किंवा दोन अवयव निकामी झाल्यास दोन लाख रुपये आणि एक अवयव किंवा एक डोळा निकामी झाल्यास एक लाख रुपये मिळतात. ऊसतोडणी मजूर मात्र भूमिहीन असल्यास शेतकरी म्हणून या लाभास पात्र ठरत नाही. एकाच फडात एकाच प्रकारे जखमी झालेल्या दोन माणसांचे भवितव्य सातबाऱ्यावरील नावाने वेगळे होते. येथेही प्रश्न अखेरीस नोंदीचाच आहे.

पहिली नोंद : प्रमाणपत्र

वरील बहुतेक लाभांची पहिली पायरी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र ही आहे. २०२१ पासून ते केंद्राच्या वैश्विक ओळखपत्र प्रणालीद्वारेच दिले जाते. अर्ज ऑनलाईन भरावयाचा, त्यानंतर निर्देशित शासकीय रुग्णालयात तपासणी व्हावयाची आणि मग ओळखपत्र मिळावयाचे, असा क्रम आहे. २०२४ च्या सुधारित नियमांनुसार वैद्यकीय प्राधिकरणाने तीन महिन्यांत निर्णय देणे अपेक्षित आहे. निर्णय मान्य नसल्यास कलम ५९ अन्वये अपील करता येते.

नियम सुटसुटीत वाटला तरी भूगोल तसा नाही. जतपासून सांगली सुमारे ८० किलोमीटर आहे. कोयनाकाठच्या एखाद्या वाडीतून प्रथम पाटण आणि नंतर सातारा गाठावयाचे म्हणजे पूर्ण दिवस जातो. उपजिल्हा रुग्णालयांत काही तपासण्या होत असल्या, तरी श्रवणदोष, मानसिक आजार किंवा बौद्धिक अक्षमता यांसाठी तज्ज्ञ व यंत्रसामग्री लागते आणि ती बहुधा जिल्ह्याच्या ठिकाणीच असते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णास न्यावयाचे तर भाड्याची गाडी, सोबत दोन माणसे आणि त्या माणसांची बुडालेली मजुरी असा खर्च होतो. एका फेरीत काम झाले नाही तर दुसरी फेरी करावी लागते. ज्याचे दिव्यांगत्व अधिक, त्याला प्रमाणपत्र मिळविणे अधिक कठीण, अशी ही विसंगती आहे.

येथे अध्यापनकाळातील एक अनुभव नोंदवावासा वाटतो. काही वर्षांपूर्वी डोंगराळ भागातून येणारी एक अल्पदृष्टी विद्यार्थिनी द्वितीय वर्षात शिकत होती. तिच्याजवळ जुने कागदी प्रमाणपत्र होते, ऑनलाईन ओळखपत्र नव्हते. लेखनिकासाठीचा तिचा अर्ज कागदपत्रे अपुरी म्हणून परत आला. पहिल्या पेपरला प्रश्नपत्रिका डोळ्यांजवळ धरून ती एकेक ओळ वाचत होती. तीन तास संपले तेव्हा तिची निम्मी उत्तरपत्रिका कोरी होती. त्या दालनात प्रस्तुत लेखक पर्यवेक्षक होता. केंद्र शासनाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा परीक्षार्थीस दर तासामागे किमान २० मिनिटे अधिक वेळ मिळतो, ही माहिती त्या दिवशी प्रस्तुत लेखकालाही नव्हती. पुढील पेपरपर्यंत लेखनिकाची व्यवस्था झाली. पहिला पेपर मात्र तिला पुन्हा द्यावा लागला. तिच्याजवळ हक्क होता, ओळखपत्र नव्हते. आमच्याजवळ अधिकार होता, माहिती नव्हती.

याविषयी सर्वोच्च न्यायालयाची भूमिका स्पष्ट आहे. विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग (२०२१) या प्रकरणात लेखनतिढ्याने त्रस्त परीक्षार्थीस ४० टक्क्यांची अट न लावता लेखनिक देणे बंधनकारक असल्याचे न्यायालयाने म्हटले. वाजवी सोयीसुविधा नाकारणे हा भेदभाव आहे, हे त्यामागील तत्त्व होय. महाराष्ट्रातील विद्यार्थ्याने नेलेल्या ओंकार गोंड प्रकरणात (२०२४) केवळ टक्केवारीच्या आधारे वैद्यकीय प्रवेश नाकारता येणार नाही. अभ्यासक्रम पूर्ण करण्याची प्रत्यक्ष क्षमता तपासली पाहिजे, असा निर्णय झाला. टक्केवारी ही व्यक्तीची पूर्ण ओळख नव्हे, असा या निवाड्यांचा आशय आहे.

याची दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. बनावट प्रमाणपत्रांच्या आधारे नोकरी व बदलीचे लाभ घेतल्याच्या तक्रारींवरून अलीकडे राज्यात शासकीय कर्मचाऱ्यांच्या प्रमाणपत्रांची फेरतपासणी हाती घेण्यात आली. ती आवश्यकच होती. मात्र लबाडांसाठी कडक केलेल्या तपासणीचा भार खऱ्या दिव्यांगांच्या फेऱ्या वाढविण्यात परिणत होऊ नये, ही दक्षता घेणे तितकेच आवश्यक आहे.

दुसरी नोंद : ग्रामपंचायतीची यादी

महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या स्वउत्पन्नातील ठरावीक हिस्सा दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावयाचा असतो. पूर्वी ३ टक्के असलेला हा हिस्सा आता ५ टक्के आहे. अकराव्या अनुसूचीतील २६ व्या विषयाला प्रत्यक्ष रूप देणारी ही तरतूद होय. दिव्यांग व्यक्तीच्या घरापासून सर्वांत जवळ असणारा हा शासकीय निधी आहे. त्यासाठी ना मुंबईला जावे लागते, ना जिल्ह्याच्या गावी.

परंतु या निधीच्या दोन मर्यादा आहेत. पहिली मर्यादा रकमेची. समजा, एखाद्या डोंगराळ गावाचे घरपट्टी व पाणीपट्टीचे वार्षिक उत्पन्न चार लाख रुपये आहे. तर दिव्यांग निधी २०,००० रुपये होतो. गावात २० दिव्यांग व्यक्ती असल्यास प्रत्येकी १००० रुपये येतात. शहरालगतच्या किंवा औद्योगिक वसाहतीजवळच्या ग्रामपंचायतीचे उत्पन्न याच्या कित्येक पट असते. म्हणजे दिव्यांगाला मिळणारे साहाय्य त्याच्या गरजेवर नव्हे, तर गावाच्या घरपट्टीवर ठरते. पाटण किंवा जत तालुक्यातील छोट्या गावात गरज अधिक आणि निधी कमी, असे चित्र निर्माण होण्यास ही रचनाच कारणीभूत आहे.

दुसरी मर्यादा यादीची. निधी खर्च करावयाचा तर गावात दिव्यांग कोण आहेत याची नोंद हवी. अनेक ठिकाणी ही यादी प्रमाणपत्र असणाऱ्यांपुरतीच राहते. प्रमाणपत्र नाही म्हणून यादीत नाव नाही, यादीत नाव नाही म्हणून निधी नाही आणि निधी नाही म्हणून प्रमाणपत्रासाठी शहरापर्यंत जाण्याचे भाडे नाही, असे हे दुष्टचक्र आहे. मानसिक आजार व बौद्धिक अक्षमता असणाऱ्या व्यक्ती, विशेषतः मुली, कुटुंबाकडूनच लपविल्या जातात. बहिणीच्या सोयरिकीत अडचण येईल या भीतीने एखाद्या मुलीचे नाव कोणत्याच कागदावर येत नाही. अशा मुलीसाठी १०२ कलमांचा अधिनियम असून नसल्यासारखाच राहतो.

जनगणनेच्या बाबतीतही हेच आढळते. २०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी आणि महाराष्ट्रात २९.६३ लाख दिव्यांग नोंदविले गेले. ही गणना २०१६ च्या अधिनियमापूर्वीची असून तिच्यात दिव्यांगत्वाचे आठच गट होते. २०२१ मध्ये अपेक्षित असलेली जनगणना त्या वर्षी झाली नाही. आता तिच्यासाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख निश्चित करण्यात आली आहे. तोपर्यंत २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांसाठीचे नियोजन दीड दशकापूर्वीच्या आठ गटांच्या आकड्यांवरच आधारावे लागते.

तिसरी नोंद : आपत्तीची यादी

सातारा व सांगली जिल्ह्यांच्या दृष्टीने २०१६ च्या अधिनियमातील कलम ८ ला विशेष महत्त्व आहे. या कलमानुसार नैसर्गिक आपत्तीत दिव्यांगांना समान संरक्षण मिळाले पाहिजे. त्यासाठी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातील दिव्यांगांच्या तपशिलाची नोंद ठेवावी आणि धोक्याची सूचना त्यांच्यापर्यंत पोहोचेल अशी व्यवस्था करावी, असे बंधन आहे.

ही तरतूद कृष्णाकाठासाठी पुस्तकी नाही. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी सुमारे ५७ फुटांपर्यंत चढले. त्याच पुरात ८ ऑगस्ट रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे गावकऱ्यांना बाहेर नेणारी नाव उलटून जीवितहानी झाली. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यातील आंबेघर, ढोकावळे व मिरगाव येथे दरडी कोसळून माणसे गाडली गेली. धडधाकट माणसांनाही जीव वाचविणे अशक्य व्हावे, अशा या आपत्ती होत्या. अशा वेळी ध्वनिक्षेपकावरून दिलेला इशारा कर्णबधिर व्यक्तीला ऐकू येत नाही. रात्री घर सोडण्याचा निरोप आला तरी अर्धांगवायूने खिळलेल्या व्यक्तीला दोन माणसांनी उचलल्याशिवाय हलता येत नाही. बौद्धिक अक्षमता असणारे मूल अनोळखी नावेत बसण्यास तयार होत नाही. निवारा केंद्रातील शाळेचे शौचालय चाकाच्या खुर्चीसाठी अरुंद असते. या सर्व गोष्टी पाणी चढण्यापूर्वी माहीत असतील तरच त्यावर उपाय होऊ शकतो.

अशी यादी करणे अशक्य आहे, असे म्हणता येत नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असणाऱ्या मतदारांना विहित नमुन्यात अर्ज करून घरून मतदान करण्याची सोय उपलब्ध होती. त्यासाठी मतदान केंद्रस्तरीय अधिकारी घरोघर पोहोचले. मत घेण्यासाठी दिव्यांग नागरिकाचे घर सापडत असेल, तर पूर येण्यापूर्वी त्याला हलविण्यासाठीही ते सापडले पाहिजे.

दाद मागण्याचे मार्ग

हक्क नाकारला गेल्यास कलम २३ अन्वये शासकीय कार्यालयातील तक्रार निवारण अधिकारी, पुणे येथील दिव्यांग आयुक्त आणि गुन्ह्याच्या प्रकरणी विशेष न्यायालय हे मार्ग उपलब्ध आहेत. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ नुसार दिव्यांग व्यक्तीस उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर साहाय्य मिळते. सातारा व सांगली येथील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांकडे यासाठी साधा अर्ज पुरेसा आहे. या तरतुदीची माहिती फार थोड्या लोकांना असते.

अलीकडील दोन निवाडे दिशादर्शक आहेत. राजीव रतुरी प्रकरणात (२०२४) सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवणारा नियम रद्दबातल ठरविला आणि सक्तीचे निकष करण्याचा आदेश दिला. एप्रिल २०२५ मध्ये आम्लहल्ल्यातील पीडित व दृष्टिबाधित यांच्या याचिकांवर निर्णय देताना डिजिटल सेवांची सुगम्यता हा कलम २१ चाच भाग असल्याचे न्यायालयाने मान्य केले. ओळख पटविण्यासाठी डोळ्यांची उघडझाप करावयास सांगणारे यंत्र ज्याला ते शक्यच नाही त्याला व्यवस्थेबाहेर ठेवते, हा त्यातील मुद्दा होता. अनुदान, प्रमाणपत्र आणि बँकव्यवहार हे सर्व ऑनलाईन होत असताना या निर्णयाचे महत्त्व ग्रामीण भागासाठीही मोठे आहे.

उपाययोजना

१. तालुक्याच्या ठिकाणी ठरावीक तारखांना तज्ज्ञांसह तपासणी शिबिरे भरवावीत. जत, आटपाडी, शिराळा, माण, पाटण, जावळी व महाबळेश्वर या तालुक्यांना प्राधान्य द्यावे. अंथरुणाला खिळलेल्यांची तपासणी घरी व्हावी.
२. आशा कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका व ग्रामसेवक यांच्यामार्फत प्रमाणपत्र नसलेल्या व्यक्तींसह गावाची यादी दरवर्षी तयार करावी. नाव लपविणाऱ्या कुटुंबांशी बोलताना गोपनीयता पाळावी.
३. प्रमाणपत्रासाठी लागणारा प्रवासखर्च ग्रामपंचायतीच्या पाच टक्के निधीतून देण्यास प्राधान्य द्यावे. त्यामुळे उपरोक्त दुष्टचक्र पहिल्याच टप्प्यावर तुटू शकते.
४. अल्प उत्पन्नाच्या ग्रामपंचायतींना जिल्हा परिषदेच्या निधीतून पूरक रक्कम द्यावी.
५. पूररेषेतील व दरडप्रवण गावांत प्रत्येक दिव्यांग व्यक्तीमागे दोन शेजाऱ्यांची नावे पावसाळ्यापूर्वी निश्चित करून ती तहसील कार्यालयात ठेवावीत.
६. प्रत्येक महाविद्यालयाने प्रवेशाच्या वेळीच दिव्यांग विद्यार्थ्यांची नोंद करून लेखनिक, वाढीव वेळ व तळमजल्यावरील बैठकव्यवस्था यांचा आराखडा तयार ठेवावा. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांना ऑनलाईन अर्ज भरून देण्याचे काम सोपवावे.

निष्कर्ष

१९९५ ते २०१६ या काळात दिव्यांगांविषयीचा कायदा साहाय्याकडून हक्काकडे आला आणि न्यायालयांनी त्या हक्काचा अर्थ अधिक व्यापक केला. शासकीय साहाय्यही उशिरा का होईना वाढले. तथापि सातारा व सांगली जिल्ह्यांच्या संदर्भात पाहिले असता या हक्कांची वाट प्रमाणपत्र, गावाची यादी आणि आपत्तीची यादी या तीन नोंदींतून जाते, असे दिसून येते. या नोंदी करून घेण्याचा भार आज मुख्यतः दिव्यांग व्यक्तीवर आणि तिच्या कुटुंबावर आहे. तो शासनयंत्रणेने, स्थानिक संस्थांनी व शिक्षणसंस्थांनी उचलला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा किंवा नवा अधिनियम जिल्ह्याच्या हातात नसतो. परंतु गावाची यादी पूर्ण करणे हे पूर्णपणे जिल्ह्याच्याच हातात आहे. आयर्विन पुलाखालचे पाणी पुढील पावसाळ्यातही चढणार आहे आणि महाविद्यालयांच्या परीक्षाही दरवर्षी होणार आहेत. त्यापूर्वी या याद्या तयार असाव्यात, एवढी किमान अपेक्षा २०१६ च्या अधिनियमाच्या आधारे प्रत्येक दिव्यांग नागरिक करू शकतो आणि ती पूर्ण करणे हे आपल्या सर्वांचे कर्तव्य ठरते.